रजिस्टरमधला ‘निरंक’ अन् तुमची झोप

पत्र आलंय, थोडं कापून देते:

“नमस्कार ताई. मी वैनगंगेच्या पट्ट्यातल्या एका जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या नियंत्रण कक्षाचं काम पाहतो. वय 31, कंत्राटी. कक्ष 24 तास चालू असतो. हाताखाली पाच माणसं, त्यातले तिघं दुसऱ्या खात्यातून ड्युटी लावलेले, अन् सगळेच माझ्याहून मोठे. मागच्या पावसाळ्यात रात्री 2.40 ला धरणाचा विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला. ड्युटीवरच्या काकांनी तो ग्रुपवर टाकला, रजिस्टरला नोंद केली अन् झालं. काठावरच्या एका गावात तो सकाळपर्यंत कोणीच पाहिला नाही. माणूस कोणी गेला नाही, पण एका शेतकऱ्याची मोटर, पाइप अन् दोन शेळ्या वाहून गेल्या. तेव्हापासून मी दिवसभर काम करून रात्रीही कक्षातच थांबतो. यंदा जूनपासून पुन्हा तेच सुरू झालंय. बायको म्हणते घर आहे की लॉज. साहेब म्हणतात काकांना मेमो द्या. देऊ का? अन् ही रात्र चालवायची कशी?”

भाऊ, तुमचं पत्र वाचून मला आधी तुमच्या बायकोची बाजू घ्यावीशी वाटली, ते शेवटी बोलू. आधी एक सांगा, तुम्ही रात्री कक्षात थांबता म्हणजे नेमकं काय करता? मी सांगते काय करता, मी पण अशाच कक्षात असताना केलंय. फोन वाजला की काकांच्या आधी तुम्हीच उचलता. मेसेज आला की तुम्हीच वाचता. मग काका हळूहळू खुर्ची मागे सरकवून बसायला लागतात, कारण साहेब बसलेच आहेत ना बाप्पा. महिनाभरात त्या खोलीत जागं राहणारा माणूस एकच उरतो, अन् तो सकाळी सहापासून जागा असतो.

ऑस्ट्रेलियात 1997 मध्ये एक अभ्यास झाला होता, 17 तास सलग जागा असलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं असं त्यात निघालं. आपल्याकडे गाडी चालवायची हद्द 0.03 आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेले तुम्ही रात्री अकराला गाडी चालवायच्याही लायकीचे नसता, अन् 2.40 ला तर विचारूच नका. दारू पिऊन गाडी चालवली की चालान फाटतं अन् न झोपता कंट्रोल रूम चालवली की मीटिंगमधे शाबासकी मिळते, असं आपलं चाललंय.

तेव्हा पहिलं काम हेच, की तुम्ही सहावे ऑपरेटर होणं बंद करा. तुमचं काम ती खोली अशी लावून देण्याचं आहे की तुम्ही घरी घोरत असलात तरी ती जागी राहील. हे लिहायला सोपं आहे, मला जमायला दोन पावसाळे लागले.

आता मेमोचं. काकांनी काय चूक केली? मेसेज आला, त्यांनी पुढे टाकला, नोंद केली. तुम्ही त्यांना कधी लिहून दिलं होतं का की ग्रुपवर टाकलं म्हणजे काम झालं नाही, समोरच्यानं ऐकलं तेव्हाच झालं? दिलं नसेल, नाहीतर तुम्ही पत्रात लिहिलंच असतं. मग मेमो तुमच्या नावाचा निघतो भाऊ, काकांच्या नाही. रात्री पावणेतीनला गावातल्या माणसाचा फोन एकतर चार्जिंगला असतो नाहीतर उशाखाली सायलेंटवर, अन् ग्रुपवर त्याच्या आधी 40 गुड नाईट पडलेले असतात. ते दोन निळे टिक पाहत बसण्यात काही अर्थ नाही.

पण मेमो कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. मी एका कक्षात होते तिथलं सांगते, जिल्ह्याचं नाव घेत नाही. तिथे दर तासाला रजिस्टरमधे नोंद करायची पद्धत होती, काही नसलं की ‘निरंक’ लिहायचं. एका रात्री मला झोप येईना म्हणून पहाटे सव्वातीनला मी सहज कक्षात गेले. दोघं टेबलावर डोकं ठेवून गाढ. रजिस्टर उघडं. त्यात 1 वाजता निरंक, 2 वाजता निरंक, 3 वाजता निरंक, 4 वाजता निरंक, 5 वाजता निरंक. घड्याळात सव्वातीन, अन् पाचचा निरंक लिहून तयार! एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात, खाली लफ्फेदार सही. मी काही बोलले नाही, खुर्ची ओढून बसले. साडेतीनला एक जण उठला, मला पाहिलं अन् उठून पाणी प्यायला गेला तो वीस मिनिटं आलाच नाही. याला मेमो दिला मी. झोपल्याबद्दल नाही हं, पुढच्या वेळेचा निरंक लिहिल्याबद्दल. चूक पोटात घालता येते, खोट्या नोंदीवर पुढचा माणूस विश्वास ठेवतो अन् फसतो. हा फरक तुमच्या लोकांना एकदा समोर बसवून, चहा पाजून सांगा. काकांची चूक पहिल्या जातीतली आहे.

अन् तासाच्या निरंकाची पद्धत मी नंतर बंदच करून टाकली. माणूस जागा आहे हे कागदावरून कळत नाही. त्याऐवजी रात्री साडेअकरा, दीड अन् साडेतीनला प्रत्येक तहसीलच्या कक्षाला आवाजी फोन, समोर कोण बोललं त्याचं नाव, तिकडे पाऊस आहे का, नाल्यावरून पाणी आहे का, एवढंच. साडेतीनचा फोन मुद्दाम ठेवला, कारण तीन ते पाच ही वेळ शरीराला सगळ्यात जड जाते, तेव्हा हाताला काम पाहिजे. दोन्हीकडचे त्या निमित्तानं जागे होतात, शिव्या घालत का होईना. अन् रात्री दोघांपैकी एकानं पाळीपाळीनं वीस मिनिटं पाठ टेकायची, हे उघडपणे मान्य करून टाका. बाजूच्या खोलीत एक सतरंजी, अलार्म, बस. चोरून झोपलेला माणूस दोन तास झोपतो.

आता 2.40 च्या मेसेजवर या. असा मेसेज आला की त्याचं काय काय व्हायला पाहिजे ते पाहू.

सगळ्यात आधी आकडा. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचा विसर्ग क्युमेक्समधे येतो, म्हणजे सेकंदाला इतके घनमीटर. तिकडे सिरोंच्याजवळ गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे आकडे तेलंगणातून येतात ते क्युसेक्समधे, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. एक क्युमेक म्हणजे साधारण 35.3 क्युसेक. झोपेत 5,000 क्युमेक्सचं कोणी 5,000 क्युसेक्स लिहिलं तर पावणेदोन लाख क्युसेक्सचा पूर पाच हजारांचा होऊन बसतो, अन् वाचणारा म्हणतो एवढंच ना, झोपा. असं होताना मी डोळ्यानं पाहिलंय, नशीब की तहसीलमधल्या एका पोरानं उलट फोन करून विचारलं. म्हणून फोनवर घेतलेला प्रत्येक आकडा, त्याचं एकक अन् वेळ समोरच्याला पुन्हा वाचून दाखवायची, त्यानं हो म्हटल्यावरच लिहायची. लोक सुरुवातीला हसतात. हसू द्या. अन् क्युमेकला 35 ने गुणलेला तक्ता मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, पहाटे तीनला कोणाकडून गुणाकार करून घेऊ नका.

मग गोसेखुर्दचे फक्त ‘33 पैकी इतके दरवाजे उघडले’ एवढ्यावर थांबू नका. दरवाजे अर्धा मीटरनं उघडले की दोन मीटरनं, त्यावर सगळं आहे. अन् नजर फक्त आपल्या धरणावर नको. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आठवा, पाणी मध्यप्रदेशातून आलं होतं, तिकडे सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर आहे, त्याचं पाणी याच नदीत येतं, वरून बाघ, बावनथडी, कन्हान आहेतच. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसापर्यंत गावं पाण्यात गेली. आपल्या अंगणात ऊन पडलेलं असताना नदी चढू शकते हे ड्युटीवर नवीन आलेल्या माणसाला कोणी सांगत नाही, तो खिडकीबाहेर पाहून ठरवतो. भंडाऱ्याला कारध्याच्या पुलाजवळ नदीची इशारा पातळी 245 मीटर अन् धोक्याची 245.50, मधे फक्त अर्धा मीटर, म्हणजे गुडघाभर पाण्याचा खेळ. तुमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोजणीच्या जागेचे असे दोन आकडे त्याच भिंतीवर पाहिजेत.

मग उठवायचं कोणाला. इथे खरी गोम आहे. ड्युटीवरचा माणूस मेसेज ग्रुपवर टाकून मोकळा का होतो? आळसानं कमी, भीतीनं जास्त. रात्री पावणेतीनला तहसीलदारांना उठवलं अन् काही निघालं नाही तर सकाळी कोण ऐकून घेणार? म्हणून एक कागद करा, एकच पान, अन् त्यावर निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांची सही घ्या, जमलं तर कलेक्टर साहेबांचीच घ्या, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच आहेत. त्या पानावर लिहा, नदी इशारा पातळीला आली की अमक्याला उठवायचं, विसर्ग इतक्याच्या वर गेला की तमक्याला, कोणाला न विचारता. पहिल्याला फोन लागला नाही तर पाच मिनिटं थांबायचं अन् दुसऱ्याला. मग पहिल्यांदा काका तुम्हाला फुकट उठवतील, उठवतीलच, तेव्हा फोनवर तुमचा आवाज कसा येतो त्यावर पुढचे दोन महिने ठरतात. कपाळाला आठी पडली तरी तोंडानं ‘बरं केलं काका’ म्हणा. मी एकदा चिडून बोलले होते, त्यानंतर तीन आठवडे मला रात्री एक फोन आला नाही, मला वाटलं किती शांत चाललंय.

अन् गावापर्यंत. रजिस्टरमधे ‘पाठवला’ असा एकच कॉलम असेल तर त्याच्या बाजूला दुसरा आखा, ‘कोणी ऐकला, किती वाजता’. त्या कॉलमात माणसाचं नाव आल्याशिवाय नोंद बंद होत नाही. काठावरच्या प्रत्येक गावाची तीन नावं पाहिजेत, पोलीस पाटील, कोतवाल, अन् नदीवर ज्याचं पोट आहे असा एक ढिवर भाऊ. हा तिसरा माणूस यादीत कधीच नसतो, अन् पाण्याचं सगळ्यात आधी त्यालाच कळतं, डोंगा त्याचाच, जाळं त्याचंच. तलाठी सुद्धा, म्हणजे आता ते ग्राम महसूल अधिकारी झालेत पण माझ्या तोंडातून तलाठीच येतं, पण तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात अन् तो रात्री गावात राहतच असेल असं धरू नका. गावात शेवटचं काम फोन करत नाही, कोतवालाची दवंडी नाहीतर मंदिराचा भोंगा करतो. मोटर काढायला शेतकऱ्याला तासभर तरी हातात लागतो. तुमच्या त्या भावाला तेवढाच पाहिजे होता.

तिकडून येणाऱ्या फोनचं पण थोडं. 1077 वर, म्हणजे कक्षाच्या नंबरवर, लाईन गेली म्हणून फोन येतात, म्हैस फुगली म्हणून येतात, पोट्टे टाइमपास करतात. तुमचे लोक वैतागून खेकसतात असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. खेकसू नका म्हणा. म्हशीसाठी 1962 द्या, लाईनसाठी वीजवाल्यांचा नंबर द्या, अर्धं मिनिट लागतं. म्हशीच्या वेळी ज्याच्यावर ओरडलात तो घरात पाणी शिरलं तरी तुम्हाला फोन करणार नाही, शेजाऱ्याला करेल. फोन उचलल्यावर आधी नंबर अन् गाव, मग बाकी कहाणी, कारण मधेच कट होतो. अन् गाव म्हणजे नुसतं गाव नाही! खैरी म्हणे. कोणती खैरी? मोहगाव किती आहेत, पिंपळगाव किती आहेत, आपल्या चार जिल्ह्यांत मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. तालुका विचारा अन् बाजूचं गाव विचारा. घाबरलेल्या माणसाला तालुका आठवत नाही कधीकधी, पण बाजार कोणत्या गावाला करता ते बरोबर आठवतं.

आता माणसांचं गणित, कारण तुमचं अर्धं दुखणं इथे आहे. आठवड्यात 168 तास. एक खुर्ची भरायची तर आठ तासांच्या पाळीनं, आठवड्याला सहा पाळ्या म्हणजे 48 तास धरून, साडेतीन माणसं लागतात. कोणत्याच पाळीत एकटा माणूस ठेवायचा नाही, म्हणजे दोन खुर्च्या, सात माणसं. त्यात कोणी आजारी पडलं नाही, कोणाच्या घरी धानाची रोवणी नाही, कोणाला पोळ्याला गावाला जायचं नाही असं धरलं तर. असं होत नसतं, म्हणून नऊ. तुमच्याकडे पाच. उरलेले तास तुम्ही अंगावर घेताय अन् वरच्यांना वाटतंय पाचात चालतं की! तुम्ही स्वतःच त्यांना हे दाखवून देताय रोज. टिप्पणी लिहा, त्यात हे 168 चं गणित लिहा, मागच्या महिन्यात तुम्ही स्वतः किती तास बसलात तेही लिहा, अन् निदान जून ते ऑक्टोबर चार माणसं मागा. दोन मिळतील. दोन घ्या. तोंडी मागू नका, तोंडी मागितलेलं पावसात विरघळतं. बाहेरच्या खात्यातले दर पंधरवड्याला बदलतात तो आदेशही बदलून घ्या, हंगामभर तीच माणसं, अन् प्रत्येक पाळीत एक जुना एक नवा. पाळ्या लावताना आधी सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकवा, उलट्या नको, शरीराला पुढे सरकणं सोपं जातं. बाई ड्युटीवर असेल तर संडासाची किल्ली अन् रात्रीची गाडी, हे मला कोणी आयतं दिलं नाही, भांडून घ्यावं लागलं, म्हणून सांगते.

पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोघं समोरासमोर पाहिजेत. जाणारा गाडीची किल्ली फिरवत उभा अन् येणारा अजून चहाच्या टपरीवर, असं चालणार नाही. कोणतं काम अर्धवट आहे, कोणती नदी कुठवर आली, कोणता भाग फोनला लागत नाही, अन् खोलीतलं काय बंद पडलंय, एवढं बोलायचं. फोन न लागणं ही पण बातमीच असते. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुका तुटतो, अन् तिकडून फोन येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असा अर्थ लावणारे मी पाहिलेत. जनरेटर रोज पाच मिनिटं नुसता घुरघुर चालवून बंद करत असाल तर ते थांबवा, आठवड्यातून एकदा खरी लाईन पाडून सगळा लोड त्याच्यावर टाका, अर्धा तास. आमचा नुसत्या आवाजावर पास होत होता, खऱ्या रात्री लोड घेतला अन् बसला. वायरलेसवाल्याच्या बॅटरीवर रात्र काढली.

यलो-ऑरेंजचं एवढंच की हवामान खात्याचा प्रत्येक यलो ‘अति तातडीचे’ म्हणून पाठवू नका. जुलैत रोजच यलो असतो, लोक उघडतही नाहीत, मग रेड पण त्याच ढिगात जातो. यलो सकाळच्या अहवालात, ऑरेंजला तहसीलला फोन, रेडला तुम्ही स्वतः हजर. रोवणीच्या दिवसात विजेचा इशारा मात्र वेगळा धरा, तो तीन तासांचाच असतो, सकाळच्या अहवालात टाकेपर्यंत बांधीतल्या बायांना त्याचा उपयोग संपलेला असतो. तिथे लगेच फोन.

घरचं. बायकोची नाराजी खरी आहे, अन् लॉज हा शब्द तिनं बरोबर वापरलाय. तुमच्या पाचांपैकी जो सगळ्यात शांत डोक्याचा आहे, मला पत्रावरून वाटतंय ते मेमोवाले काकाच असावेत, त्यांना रात्रीचे प्रमुख म्हणून लेखी नेमा. हो, त्यांनाच. त्या 2.40 चा चटका त्यांना तुमच्याहून जास्त बसलाय, फक्त 54 व्या वर्षी 31 च्या पोरासमोर ते बोलत नाहीत. त्यांना विचारा, काका त्या रात्री काय केलं असतं तर बरं झालं असतं, अन् ते सांगतील ते सहीच्या पानावर टाका. मग पहिला आठवडा एक दिवसाआड घरी झोपा, दुसऱ्या आठवड्यापासून रोज. सहीच्या पानावरची अट आली तरच तुमचा फोन वाजेल. सकाळी गेल्यावर ‘काही झालं का’ असं विचारू नका, रजिस्टर वाचा, दोन्ही कॉलम.

अन् त्या मोटर-शेळ्यावाल्या शेतकऱ्याकडे गेलात का? पंचनाम्यासाठी नाही, असंच. एखाद्या रविवारी जा, बायकोला पण न्या, नदी दाखवा तिला. त्याला विचारा की तुले पाण्याचं कोण सांगते, कोणाच्या फोनवर तू उठशील. तो शिव्या देईल, मग चहा ठेवेल.

तुमची फोनची यादी किती जुनी आहे ते मला माहीत नाही, पण आजच्या रात्रपाळीला सांगा, काठावरच्या गावांचा एकेक नंबर लावून पहा. आम्ही एकदा लावले होते. काही बंद, काही दुसऱ्याचेच, अन् एक पोलीस पाटील वारून दोन वर्षं झाली होती. फोन त्याच्या सुनेनं उचलला. मी चपापले, सॉरी म्हणून ठेवणार होते, तर ती म्हणाली, “मामाजी त नाही जी आता, पन पाणी कुठवरी आलं ते मी सांगतो नं, आमच्या आंगणातूनच दिसते.” मी यादीत त्यांच्या नावावर रेघ मारली अन् खाली तिचं लिहिलं.